अमेरिकेत गृहकर्ज घेताना

अमेरिकेतले गृहकर्ज बहुधा तीस वर्षांचे असते आणि त्याचा व्याजदर पहिल्या दिवशी ठरतो तो शेवटच्या हप्त्यापर्यंत तसाच राहतो. भारतात रेपो दर हलला की हप्ता नाही तर मुदत हलते. इथे दर चढले तरी जुन्या कर्जदाराला झळ लागत नाही, आणि उतरले तर तो स्वस्त दराचे नवे कर्ज काढून जुने फेडून टाकतो. ही पद्धत महामंदीनंतर रुजली. त्याआधी कर्जे पाच-दहा वर्षांची असत आणि मुदत संपली की उरलेली मोठी रक्कम एकदम भरावी लागे. मंदीत ती भरता न आल्याने लाखो कुटुंबांची घरे गेली. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, स्थापन झाले, १९३८ मध्ये फॅनी मे आणि १९७० मध्ये फ्रेडी मॅक. बँक कर्ज देते, पण पुष्कळ कर्जे ती पुढे फॅनी मे आणि फ्रेडी मॅक यांना विकून मोकळी होते. म्हणून अर्जदाराला काय विचारायचे हे समोरचा अधिकारी आपल्या मनाने ठरवत नाही. ते या संस्थांच्या नियमपुस्तकांत लिहिलेले असते. आणि त्या पुस्तकांना पैसा किती आहे याइतकेच, तो कुठून आला हेही कळावे लागते. भारतातून आलेल्या कुटुंबांची खरी तयारी या दुसऱ्या प्रश्नासाठी असावी लागते.

पतनोंद हा पहिला टप्पा. पुण्यात वर्षानुवर्षे न चुकता हप्ते भरलेल्या माणसाचीही अमेरिकेतली पत कोऱ्या पाटीवरून सुरू होते. सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळाल्यावर पहिले क्रेडिट कार्ड येते, तेही पुष्कळदा बँकेत ठेव ठेवून. एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्था नोंदी ठेवतात, त्यांवरून ३०० ते ८५० या मापात स्कोअर निघतो, आणि गृहकर्जासाठी तिन्हींतला मधला धरला जातो. कोणाचे देणे ठेवायचे नाही, रोखीने घ्यायचे, ही मराठी मध्यमवर्गातली शिकवण चांगलीच आहे, पण तिची नोंद या संस्थांकडे होत नाही. कार्ड वापरावे, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आतच वापरावे, महिन्याचे बिल पूर्ण भरावे आणि सर्वांत जुने कार्ड बंद करू नये, एवढे पथ्य दोन-तीन वर्षे पाळले की स्कोअर बसतो. कर्जाच्या आधीच्या काही महिन्यांत नवी गाडी हप्त्यावर घेणे टाळावे, कारण गाडीचा हप्ता घराच्या हप्त्याची ऐपत थेट कमी करतो. सर्व देणी मिळून करपूर्व उत्पन्नाच्या छत्तीस टक्क्यांच्या आत असावीत हा जुना दंडक. आज बँका त्याहून पुढे जातात, पण कर्जदाराने स्वतःसाठी तो पाळलेला बरा.

बचतीचा आकडा ठरवताना फक्त डाउन पेमेंट मोजून भागत नाही. समजा न्यू जर्सीतले घर सहा लाख डॉलरचे आहे. वीस टक्के म्हणजे १ लाख २० हजार. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीचा व्यवहार पुरा होण्याच्या, वेळचा खर्च साधारणपणे किमतीच्या दोन ते पाच टक्के. उरलेल्या ४ लाख ८० हजारांवर साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता सुमारे ३,०३४ डॉलर बसतो, आणि पहिल्या हप्त्यातले २,६०० डॉलर व्याजात जाऊन मुद्दल जेमतेम ४३४ डॉलरने उतरते. शिवाय घरपट्टी आणि विमा. घरपट्टीच्या दरात न्यू जर्सी देशात सर्वांत वर गणले जाते. एडिसन, प्लेन्सबरो अशा आपल्या वस्तीच्या गावांत ती महिन्याला हजार डॉलरच्या घरात सहज जाते. चांगल्या शाळांसाठी ज्या गावात घर घ्यायचे त्याच गावाची पट्टी जड असते, कारण शाळांचा मोठा खर्च तिच्यातूनच चालतो. हे पैसे बँक हप्त्याबरोबरच घेऊन एस्क्रो खात्यात ठेवते आणि वेळेवर भरते. भाड्याशी तुलना करायची ती या सगळ्या बेरजेची.

वीस टक्के नसले तरी कर्ज मिळते. पारंपरिक, म्हणजे सरकारी हमीशिवायचे, कर्ज तीन किंवा पाच टक्क्यांवरही असते, फक्त त्यावर पीएमआय हा कर्जविमा लागतो. १९९८ च्या कायद्याने कर्ज मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आले की तो बंद करण्याची मागणी करता येते, आणि हप्ते वेळेवर चालू असतील तर ठरलेल्या वेळापत्रकानुसार ७८ टक्क्यांची पायरी येताच तो आपोआप थांबतो. आपल्याकडे पीएमआय म्हणजे पाण्यात गेलेला पैसा असे मानून लोक वीस टक्क्यांसाठी गाठीचा शेवटचा डॉलर घालतात. प्रस्तुत लेखिकेला हे मान्य नाही. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. अशा घरात सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी रक्कम हाताशी असणे पीएमआय वाचवण्यापेक्षा मोलाचे आहे.

व्हिसाची स्थिती कर्जाच्या आड येत नाही, पण वाटा कमी करते. साडेतीन टक्के डाउन पेमेंटचे एफएचए कर्ज पूर्वी एच-वन-बीवाल्यांनाही मिळे. मे २०२५ पासून ते फक्त नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि आणखी काही मोजक्या गटांना मिळते. पारंपरिक कर्ज मात्र कायदेशीर वास्तव्य आणि नोकरी असलेल्या व्हिसाधारकाला मिळू शकते. पासपोर्ट, आय-७९७ ही मंजुरीची नोटीस आणि आय-९४ ही प्रवेशाची नोंद द्यावी लागते. व्हिसाची मुदत किती उरलेली असावी याचा प्रत्येक बँकेचा नियम वेगळा, म्हणून हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारावा. एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांच्या पुढे गेली आहे, आणि मुले शाळेत जायला लागली की तोवर थांबणे होत नाही. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने मूळ देशावरून कर्ज नाकारता येत नाही. वास्तव्याची स्थिती मात्र विचारता येते. भारतीयांना असा हक्क नेहमीच नव्हता. भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारले, आणि त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या परकीय जमीन कायद्यांखाली भारतीयांच्या नावावर जमीन राहणे अवघड झाले. आज व्हिसावरच्या माणसाच्या नावे घराचे खरेदीखत होते, ही गोष्ट त्या मानाने फार अलीकडची आहे आणि ती गृहीत धरू नये.

भारतातून येणारा पैसा हा सर्वांत नाजूक भाग. स्वतःच्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यातून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, चार्टर्ड अकाउंटंटच्या दाखल्यासह. आईवडिलांना मदत करायची असेल तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस हा आगाऊ कर कापते; तो आयकराच्या विवरणात वळता होतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकते. अमेरिकेत अशा भेटीवर घेणाऱ्याला कर नाही, मात्र वर्षात एक लाख डॉलरच्या वर गेली तर ३५२० हा फॉर्म भरून कळवावी लागते आणि न कळवल्यास दंड जबर आहे. फॅनी मेच्या नियमाने परदेशातला पैसा क्लोजिंगपूर्वी डॉलर होऊन अमेरिकेतल्या बँकेत जमा झालेला दिसला पाहिजे. इंग्रजीत नसलेल्या कागदांना भाषांतर जोडावे लागते.

भेटीच्या रकमेला गिफ्ट लेटर लागते: देणाऱ्याचे नाव, पत्ता, फोन, नाते, रक्कम आणि ही रक्कम परत करायची नाही असे स्पष्ट वाक्य. लेखिकेच्या साताऱ्यातल्या सासऱ्यांनी आपल्या ठेवीतून मदत केली तेव्हा पैसे पाठवण्याबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नाही. या एका वाक्यापाशी मात्र ते अडले. “मुलाला दिलेले परत मागणार नाही, हे मी सहीनिशी लिहून द्यायचं? असं कोणी लिहून देतं का, सूनबाई?” लेखिका म्हणाली, “बाबा, तुमच्यावर कोणाचा अविश्वास नाही. हे पैसे उद्या आम्हाला फेडायचे असतील तर ते बँकेच्या हिशोबात कर्ज धरलं जाईल, एवढंच त्यांना बघायचं असतं.” त्यांनी पत्र दोनदा वाचले, ठेवीची पावती आणि सहकारी बँकेच्या पासबुकाची पाने शेजारच्या दुकानातून स्कॅन करून आणली आणि सही केली. यात एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. रक्कम हातउसनी असेल आणि गिफ्ट लेटरवर भेट म्हणून सही केली तर ती कर्जदाराकडून झालेली खोटी साक्ष ठरते. हातउसने असेल तर तसे सांगावे आणि कमी किमतीचे घर बघावे.

पैसा जागेवर आला की प्री-अप्रूव्हल, म्हणजे बँकेची पूर्वमंजुरी. त्यासाठी महिनाभराच्या पगाराच्या स्लिपा, दोन वर्षांचे डब्ल्यू-टू आणि सर्व खात्यांची दोन महिन्यांची स्टेटमेंट्स. महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून मोठी कोणतीही जमा दिसली की तिचा उगम दाखवावा लागतो, आणि लहान जमांबद्दलही विचारणा होऊ शकते. लेखिकेच्या खात्यात त्या सुमारास गणेशोत्सवाची वर्गणी झेल या पैसे पाठवण्याच्या सेवेतून येत होती, वीस-पंचवीस नावांनी, आणि पुढे मूर्तीसाठी, हॉलसाठी जात होती. खुलाशाचे पत्र, मंडळाचा हिशोब आणि हॉलची पावती जोडल्यावर ती रक्कम बचतीतून वजा करून फाइल पुढे सरकली. भिशीचा नंबर लागणे, मित्राने सहलीचे पैसे एकरकमी परत करणे, दागिना मोडणे, या सगळ्यांचे असेच. अर्जाच्या दोन महिने आधीपासून घराच्या बचतीचे खाते वेगळे ठेवावे. त्यात पगाराखेरीज काही येऊ नये.

रीतसर अर्ज झाल्यावर तीन कामकाजी दिवसांत बँकेने लोन एस्टिमेट द्यावे लागते. २०१५ पासून त्याचा नमुना सगळीकडे एकच असल्याने दोन बँकांचे कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडता येते. नुसता दर पाहू नये. एक पॉइंट म्हणजे कर्जाच्या एक टक्का रक्कम आगाऊ भरून दर उतरवणे, आणि स्वस्त दिसणाऱ्या दरामागे पुष्कळदा पॉइंट असतात. थोड्या दिवसांच्या अंतराने अनेक बँकांनी स्कोअर पाहिला तरी ती एकच चौकशी धरली जाते, तेव्हा तीन-चार ठिकाणी विचारायला कचरू नये. फ्रेडी मॅकच्या नोंदीत तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९. दर आपल्या हातात नसतो. मिळालेला दर तीस ते साठ दिवस लॉक करणे तेवढे हातात असते.

ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी एजंटशी लेखी करार लागतो आणि त्यात त्याचा मोबदला लिहिलेला असतो. तो बोलून कमी करता येतो. न्यू जर्सीत एजंटाने केलेल्या करारावर सह्या झाल्या की वकिलाला तपासणीसाठी तीन कामकाजी दिवस मिळतात आणि त्या काळात करार मोडताही येतो. मग इन्स्पेक्शन. तळघरात किमान दोन दिवस लहानशी डबी ठेवून रेडॉन वायू मोजतात. तो लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याहून वर निघाला तर जमिनीखालून छतापर्यंत नळी आणि पंखा बसवावा लागतो आणि तो खर्च विकणाऱ्याकडे मागता येतो. जुन्या घराच्या अंगणात तेलाची टाकी पुरलेली नाही ना, हेही यंत्राने पाहून घ्यावे. गळक्या टाकीखालची माती साफ करण्याचा खर्च भल्याभल्यांना झेपत नाही. चुरशीच्या बाजारात बोली वरचढ व्हावी म्हणून इन्स्पेक्शन सोडून देणारे आहेत. पहिले घर घेणाऱ्याने ते कधीही सोडू नये.

बँक आपला मूल्यमापक पाठवते. त्याने किंमत कमी ठरवली तर फरक खिशातून भरावा लागतो किंवा विकणाऱ्याशी पुन्हा बोलावे लागते. टायटल कंपनी मालकीची साखळी तपासते. अंडररायटर, म्हणजे कर्जाची फाइल तपासून मंजूर करणारा, या काळात आणखी कागद मागतो, तेव्हा नोकरी बदलू नये, नवे कार्ड काढू नये, मोठी रक्कम इकडची तिकडे करू नये. शेवटच्या दहा कामकाजी दिवसांत बँक नोकरीची पुन्हा खात्री करते. क्लोजिंगच्या तीन कामकाजी दिवस आधी क्लोजिंग डिस्क्लोजर हातात आले पाहिजे. ते लोन एस्टिमेटशी ताडावे. पैसे वायरने पाठवण्यापूर्वी खाते क्रमांक टायटल कंपनीला आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून पडताळावा. ऐन वेळी “खाते बदलले आहे” अशी ईमेल धाडून आयुष्याची बचत लुबाडणाऱ्या टोळ्या आहेत.

सह्यांनंतर खरेदीखत आणि गहाणखत काऊंटीच्या दप्तरात नोंदले जाते. व्याज मागच्या महिन्याचे घेतले जात असल्याने मे महिन्यात क्लोजिंग झाले तर पहिला हप्ता १ जुलैला येतो. त्याच सुमारास बहुधा हप्ते गोळा करण्याचे काम दुसऱ्या कंपनीकडे गेल्याचे पत्र येते. त्यात सहसा फसवणूक नसते, पण जुन्या आणि नव्या, दोन्ही कंपन्यांकडून लेखी सूचना आल्याखेरीज पैसे वळवू नयेत. बदलानंतर साठ दिवसांपर्यंत हप्ता चुकून जुन्या कंपनीकडे वेळेत पोचला तर तो उशिरा आला असे धरता येत नाही. दर, मुदत आणि शिल्लक यांत या बदलाने काहीही फरक पडत नाही.