तिसरी रांग

दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेण्याची वकिलाला सवय असते. परंतु दावा स्वतःच्या घरचा निघाला की निकाल काही लागत नाही. व्होल्व्होची एक्ससी ६० घ्यावी की एक्ससी ९०, हा वाद दोन महिने आमच्या घरी चालू आहे. धाकटीची लांबी सुमारे ४.७ मीटर, आसने पाच, थोरलीची ४.९५ मीटर, आसने सात. एंजिन दोहींतही दोन लिटरचेच; तेव्हा जादा पैसा मोजावयाचा तो माझ्या लेखी तिसऱ्या रांगेसाठी. वाड्यावरच्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून धाकटीच सुखाने वळेल. शिवाय आम्ही घरात चौघेच.

थोरल्या बंधूंकडे तिघे. वाटणीच्या दाव्यापासून आमचे बोलणे खुंटले आहे. (परक्यांच्या वाटण्या मी कितीतरी समेटाने मिटविल्या!) पूर्वी माघातील जत्रेला कवळ्यास आम्ही सारे एकाच गाडीतून, एकमेकांच्या मांडीवर बसून जात असू.

परवा आई सहज म्हणाली, "मोठीच घे रे. जागा असली तर बोलावता तरी येईल."

विक्रेत्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. काल वहिनींना मात्र फोन केला. जत्रेला तिघेही येणार का, एवढेच विचारले.