फळीदेखील नाही

आषाढातील एका ओल्या सकाळी आम्ही दिवेआगरच्या पुळणीवर उभे होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या गावच्या पोफळीच्या बागा आडव्या केल्या होत्या. त्या सकाळी मात्र वारा बेताचाच होता आणि होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या. जाळे सांधत बसलेले एक वृद्ध कोळी आम्हांस म्हणाले, "फादर, दर्या माणूस नेतो, पण फळी तरी परत धाडतो."

आम्हांस 'कैरळी'ची आठवण झाली. तिची फळीदेखील कोणाच्या हाती लागली नाही.

केरळ सरकारच्या जहाज कंपनीचे हे मालवाहू जहाज ३० जून १९७९ रोजी गोव्यातील मुरगाव बंदरातून सुमारे वीस हजार टन लोहखनिज घेऊन निघाले. जिबुती येथे इंधन भरून त्याला पूर्व जर्मनीतील रोस्टॉकला जायचे होते. जहाजावर ५१ माणसे होती. ऐन पावसाळ्यातील खवळलेला अरबी समुद्र; ३ जुलैनंतर बिनतारी संदेश थांबले. जहाज जिबुतीस पोहोचले नाही आणि शोधही उशिराच सुरू झाला. पुढे तर्क पुष्कळ झाले. कोणी चाच्यांचेही नाव घेतले. आम्हांस पटतो तो तर्क खनिजाचा. भुकटीत पाणी मुरलेले असले तरी वरून ती कोरडी दिसते. लाटांच्या हेलकाव्यांनी दाणे दबत जातात, पाणी सुटते आणि घट्ट ढीग एकाएकी चिखलासारखा एका अंगास वाहतो. जहाज कलंडते, हाक मारण्याइतकाही अवधी उरत नाही. परंतु जहाजच सापडले नाही, तेव्हा हे सिद्ध कसे व्हावे?

आमच्या एका जुन्या धर्मग्रामातील एका मातेचा खलाशी मुलगाही असाच, दुसऱ्या एका जहाजावरून, परतला नाही. देह नसला तरी मृतासाठी मिस्सा अर्पण करता येते, हे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. त्या विद्येच्या भरात, तिला न विचारताच, नोव्हेंबरमधील मृतांच्या यादीत आम्ही त्याचे नाव घातले आणि वेदीवरून वाचले. मिस्सा संपल्यावर ती आमच्याकडे आली. रागावली नाही. "फादर, त्याला प्रवाशांत घाला," एवढेच म्हणाली. आम्ही तिच्यादेखत नाव खोडले.

तिला जाऊन आता बरीच वर्षे झाली. दर नोव्हेंबरात मृतांच्या यादीत आम्ही तिचे नाव लिहितो. मुलाचे अजून प्रवाशांतच घेतो.