सुटलेले पोट

दिल्लीस बदलून आलेला मराठी माणूस दोन-तीन हिवाळ्यांत ‘सुधारतो’, असा आपल्याकडील वडीलधाऱ्यांचा समज आहे. गावी गेलो की माझी आत्या माझ्या पोटाकडे मोठ्या समाधानाने पाहते. हातपाय पूर्वीसारखेच काटकुळे आहेत, हे तिच्या ध्यानी येत नाही. छोले-भटुरे, गाजराचा हलवा आणि दिवसाचे आठ तास खुर्चीत बसून लिहिलेल्या टिप्पण्या यांचा सारा जमाखर्च मधल्या भागातच मांडला गेला आहे.

दवाखान्यातील वजनकाट्याची याला हरकत नाही. उंचीच्या मानाने वजन योग्य, असा त्याचा निर्वाळा! पण ही साक्ष किती मानावी? २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. एक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. वजनास उंचीच्या वर्गाने भागले असता दोघांचाही आकडा २२.३ आला. मेद मात्र युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या लोकांची ही गुप्त ठेव बहुधा पोटात असते.

आणि ती स्वस्थ पडून राहत नाही. आतड्यांभोवती, यकृताभोवती साचलेला हा मेद दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात सोडतो. इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, रक्तदाब चढतो. वाढत्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाचा स्नायू जाड होतो, आणि तोही आतल्या बाजूने. सरकारी क्वार्टरच्या भिंतींवर आतून गिलाव्यावर गिलावा चढवीत गेल्यास बाहेरून घर तेवढेच दिसेल. राहायला जागा उरणार नाही. तसेच येथे होते. कप्पा आक्रसतो, भिंती ताठरतात, दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैलावून पुरते भरत नाही. २०२५ साली जर्मनीत हांबुर्ग येथे, हृदयविकार नसलेल्या दोन हजारांहून अधिक प्रौढांच्या तपासणीत हाच भेद दिसला. एकंदर वजन वाढलेल्यांचे कप्पे मोठे झाले होते. पोट वाढलेल्यांचे, विशेषतः पुरुषांचे, स्नायू जाड आणि कप्पे लहान झाले होते. पोट ‘सुटते’ असे आपण म्हणतो. हृदय मात्र आवळले जाते.

भारतीय पुरुषाच्या कमरेस तज्ज्ञांनी ९० सेंटिमीटरची मर्यादा घातली आहे, स्त्रीच्या कमरेस ८० ची. पत्नीने शिवणाच्या डब्यातील टेप काढली. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून (पोट आत ओढण्यास सक्त मनाई होती) माप घेतले: ९७! माझे वय ३६, धाकटी मुलगी ४ वर्षांची. तो आकडा तिच्या देखत मोठ्याने वाचला गेला नाही.

तेव्हापासून कचेरीतून परतताना मी मेट्रोच्या एक स्थानक अलीकडे उतरतो, आणि भटुऱ्यांची गाडी दिसली की रस्ता ओलांडतो. चार महिन्यांत वजनकाटा जेमतेम हलला. टेप मात्र ९३ वर आली आहे. अजून तीन सेंटिमीटर उरले आहेत.