टेल मी अबाउट युवरसेल्फ!

स्थळ : कॉलेजचा ड्रॉइंग हॉल. वेळ : संध्याकाळी साडेपाच. टेबलाच्या पलीकडे एकेक फर्स्ट इयरवाला, अलीकडे आम्ही तिघं सिनिअर. गेल्या वर्षी रोबोटिक्स क्लबसाठी ज्युनिअर निवडायचे होते आणि प्रश्न काढायचं काम माझ्याकडे होतं.

मी काय केलं? प्लेसमेंटच्या गाइडमधले प्रश्न जसेच्या तसे उचलले. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’, ‘पाच वर्षांनी तू कुठे असशील?’ सगळं इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटचा, मला ते सोपंच वाटणार! पवनीकडचा एक मुलगा आला. ‘माय नेम इज...’ एवढं म्हणाला आणि त्याला घाम फुटला. मी कागदावर लिहिलं, ‘नो कॉन्फिडन्स’. रिजेक्ट!

आठवड्याने मेसमध्ये तोच शेजारी बसला. रोवणीचा विषय निघाला. आपल्या भंडाऱ्यात रोवणी म्हटलं की पाणी आलं, पाणी म्हटलं की मोटर आली. मोटर बंद पडली तर काय करतोस, मी सहज विचारलं.

“नुसती गुनगुनत असन न फिरत नसन, त एक फेज गेला समजाचं भाऊ. पयले तिन्ही फेज पायतो, मंग फ्यूज. अन् फिरूनबी पानी येत नसन, त फुटव्हॉल्व्ह लीक हाय.”

वरणभात कालवता कालवता त्यानं फॉल्ट फाइंडिंगचं अख्खं लेक्चर दिलं. आता घाम मला फुटला होता.

मग थोडं वाचलं. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ साली कबूल केलं होतं, की डोकं खाणारी कोडी विचारून काहीच कळत नाही. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुनं संशोधन पुन्हा तपासलं. पुढे काम कोण चांगलं करेल, हे ओळखण्यात आखीव मुलाखत सगळ्यात वर निघाली. आखीव म्हणजे कामाशी जोडलेले प्रश्न, सगळ्यांना तेच, आणि मार्क आधी ठरवलेल्या कसोटीवर.

यंदा आम्ही तसंच केलं. टेबलावर बंद पडलेली छोटी मोटर, बॅटरी आणि मल्टिमीटर ठेवला. ‘आधी काय तपासशील? का?’ उत्तर कुठल्याही भाषेत द्या. मार्क तिघांनी वेगवेगळे लिहायचे, चर्चा नंतर.

त्यालाही पुन्हा बोलावलं. तो हसला.

“राहू द्या न भाऊ. मले नाई जमत थे.”

माझ्या त्या दोन शब्दांवर त्याचा विश्वास बसला होता. पुढच्या वर्षी प्रश्न काढणाऱ्यांनो, तेवढं लक्षात ठेवा.