सैल झांकण

जुन्या मोटारीच्या मालकाला भेटणारीं माणसें तिच्या इंजिनाची चौकशी करतात, रंगाची वाखाणणी करतात, आणि 'ॲव्हरेज किती देते हो?' असें विचारल्यावांचून तर कोणीच परत जात नाहीं. परंतु तुमच्या फ्यूजपेटीचें झांकण नीट बसतें का, असें मला आजवर एकाहि सद्गृहस्थानें विचारलेलें नाहीं. त्यांचा तरी काय दोष! पारदर्शक प्लास्टिकचा तो एवढासा तुकडा. तो नसला तरी गाडी चालते, दिवे लागतात, भोंगा वाजतो. ज्याच्यावांचून कांहीं अडत नाहीं त्याची काळजी कोण वाहणार? तरीहि गेल्या पावसाळ्यापासून ह्या तुकड्यानें आमच्या घरांत जेवढी चर्चा घडवून आणली, तेवढी वाड्याच्या वांटणीनेंहि घडवली नव्हती.

आमची गाडी म्हणजे १९७० सालची फोक्सवॅगन, जिला सारें जग 'बीटल' म्हणून ओळखतें ती. माझ्या काकांनीं ती १९७४ सालीं मुंबईंत, मायदेशीं परत चाललेल्या एका जर्मन इंजिनिअराकडून विकत घेतली. ह्या जातीच्या २ कोटी १५ लक्षांहून अधिक गाड्या निघाल्या आणि अगदीं शेवटची ३० जुलै २००३ रोजीं मेक्सिकोंतील प्वेब्ला येथील कारखान्यांतून बाहेर पडली. तेव्हां आमची गाडी म्हणजे कांहीं दुर्मिळ रत्न नव्हे. पण इंजिन मागें, सामान पुढें, आणि पाण्याचा थेंबहि न पितां नुसत्या वाऱ्यावर थंड होणारें यंत्र, ही सारी उफराटी तऱ्हा काकांच्या स्वभावाला शोभणारी होती. काका २०१९ सालीं गेले. गाडी माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर, मागच्या बांकावर बसून वर्षांतून दोनदां वाईस देवदर्शनाला जाण्याचा काकूंचा हक्कहि आला.

विजेवर चालणाऱ्या बहुतेक उपकरणांच्या वाटेवर एकेक फ्यूज पहारेकरी म्हणून उभा असतो. ह्या जुन्या जर्मन तऱ्हेचे फ्यूज आजच्या चपट्या, पात्यांच्या फ्यूजांसारखे नसतात. चिनीमातीची टोंकदार कांडी आणि तिच्या पाठीवरून ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत गेलेली धातूची उघडी पट्टी; आठ अँपिअरची कांडी पांढरी, सोळाची तांबडी. दोन स्प्रिंगदार चिमट्यांमध्यें ती नुसती अडकवून ठेवलेली असते. दमट हवेनें टोंकें काळवंडलीं कीं तेथें विजेला विरोध होतो, विरोधानें उष्णता वाढते, आणि मग फ्यूज न उडतांच दिवा मंदावतो. अशा वेळीं काका कांडी बोटानें अर्धा वळसा फिरवीत. दिवा पुन्हां उजळे. ह्या क्रियेला ते 'कान पिळणें' म्हणत.

परंतु खरी मेख निराळीच आहे. बॅटरीपासून फ्यूजपेटीपर्यंत जी मुख्य तार येते तिच्यावर स्वतःचा असा फ्यूज नसतो. पहारेकऱ्याच्या पलीकडे कांहीं बिघडलें तर तो प्राण देतो. अलीकडे बिघडलें तर त्याला पत्ताहि लागत नाहीं. एखादी सुटी तार, किल्ल्यांचा जुडगा, हातांतला पेंचकस पेटीच्या उघड्या चिमट्याला आणि गाडीच्या पत्र्याला एकदम टेकला, कीं सारी बॅटरी त्या एका जागीं रिती होऊं पाहते. तार लाल होते, तिचें आवरण वितळतें, आणि पुढचें सांगण्याची गरज नाहीं. झांकण एवढेंच करतें कीं हा स्पर्श घडूं देत नाहीं. ह्याच गाडीची बॅटरी मागच्या बांकाखालीं असते, आणि तिच्यावरहि एक झांकण असतें. तें हरवलें आणि बांकावर कोणी वजनदार पाहुणा बसला, तर बांकाच्या लोखंडी स्प्रिंगा दबून बॅटरीच्या खुंट्यांना टेकतात आणि गादी पेट घेते. बीटल बाळगणाऱ्यांच्या जगांत हा धोका सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळें आमचें तें झांकण मीं पट्ट्यानें आवळून ठेवलें आहे. काकू बसतात त्या अगदीं त्याच्यावर.

डॅशबोर्डाखालचें झांकण मात्र ऐन आषाढांत सैल झालें, आणि मग सल्लागारांना ऊत आला. चिरंजीवांनीं रबरी पट्टा चढवला. तो गरमीनें महिन्याभरांत तडकला. चिकटपट्टीचा गोंद उन्हानें पाघळून तिच्यावर पेठेंतली धूळ बसली. एका मित्रानें झटक्यांत चिकटणारा डिंक सुचविला, पण मध्यरात्रीं आडरानांत फ्यूज उडाला म्हणजे झांकण छिन्नीनें का फोडावयाचें, ह्याचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें. शेजारचे निवृत्त ओव्हरसिअर तर तांब्याच्या तारेचें एक सुबक वेटोळें स्वतः वळून घेऊन आले. ज्या संकटापासून बचाव करावयाचा तेंच संकट आयतें बांधून द्यावें, आणि तेंहि इतक्या प्रेमानें! मीं तें वेटोळें आदरानें स्वीकारलें आणि गाडीपासून शक्य तितक्या दूर, देवघराच्या फडताळांत ठेवून दिलें. मूळ स्वरूपाचे कट्टर अभिमानी असे आणखी एक स्नेही आहेत. त्यांच्या मतें पन्नास वर्षांच्या गाडीला नवा स्क्रूहि लावणें हा अधर्म. २०२१ सालच्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना स्वतंत्र नोंदणी दिली आणि मूळ रूप राखण्याची अट घातली, हें खरें. पण ती अट सांगाडा, कवच आणि इंजिन ह्यांत मोठे फेरबदल करूं नयेत अशी आहे. झांकणाला नाडी बांधल्यानें सरकार रागावेल असें मला वाटत नाहीं.

शेवटीं मीं खरोखरच नाडी बांधली, सुती आणि रुंद. ती डिसेंबरापर्यंत टिकली.

डिसेंबरांत वाईहून आम्ही पांचगणीस जाऊन परत येत होतों. पसरणीचा घाट उतरतांना एका वळणावर पायाशीं कांहींसें खडखडलें, आणि ब्रेक दाबला तों पेडल अर्ध्यावरच अडलें. ह्या गाडीचीं पेडलें जमिनींतून वर आलेलीं असतात. त्यांच्या पाठीमागें गेलेली वस्तु पाचरीसारखी बसते. गाडी दुसऱ्या गिअरमध्यें होती, वेग थोडा होता, हातब्रेक चांगला होता. डोंगराच्या बाजूला गाडी उभी राहिली. वांकून पाहतों तों पेडलामागें तें झांकण! काकूंनीं मागून विचारलें, "काय रे, आलें का वाई?" मीं म्हटलें, "नाहीं काकू, जरा थांबलों आहोंत." माझे हात मात्र बराच वेळ स्थिर नव्हते.

पुण्यास आल्यावर मीं एका वृद्ध इलेक्ट्रिशियनाकडे गेलों. त्यांनीं झांकण हातांत घेतलें, उजेडांत धरलें, त्याचे दोन्हीं कान तपासले आणि म्हणाले, "साहेब, झांकण शाबूत आहे. पेटीच फुगली आहे." त्यांनीं मला आरसा धरावयास लावला. चिमट्यांच्या टोंकांवर एकावर एक चढवलेल्या जादा जोडण्या होत्या: एक धुक्याच्या दिव्यांची, एक छोट्या पंख्याची, आणि एक कॅसेट वाजविण्याच्या यंत्राची. त्यांच्या तारा झांकणाला आंतून ढकलीत होत्या. पन्नास वर्षें चिवटपणानें टिकलेले कान आतां उष्णतेनें थोडे वांकले, एवढेंच निमित्त. प्रत्येक तारेवर कापडी पट्टीचा तुकडा होता आणि त्यावर काकांच्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरांत लिहिलेलें होतें: 'पंखा', 'दिवे', 'गाणें'.

"हें सगळें काढून टाका, झांकण आपोआप बसेल," इलेक्ट्रिशियन म्हणाले.

दिवे केव्हांच फुटले होते, पंखा गंजला होता. त्यांच्याबद्दल प्रश्न नव्हता. पण 'गाणें' काढावयाचें कोणी? तें यंत्र काकांनीं १९८६ सालीं स्वतः बसविलें. आतां त्यांतून सूर निघत नाहीं, कॅसेट आंत गेली कीं फीत गिळली जाते. मात्र किल्ली फिरवली कीं त्याचा एक हिरवा ठिपका अजून लागतो. प्रवासांत काकू त्या ठिपक्याकडे पाहत बसतात, हें मला आरशांतून अनेकदां दिसलेलें आहे. मीं त्यांना न विचारतां तार कापणें शक्य नव्हतें, आणि विचारणेंहि सोपें नव्हतें.

विचारलें. घाटांत काय घडलें होतें तेंहि त्या दिवशीं प्रथमच सांगितलें. काकूंनीं बराच वेळ पदराचें टोंक बोटाला गुंडाळलें. मग म्हणाल्या, "अरे, त्यांना स्वतःला असली लोंबती तार चालली नसती. काढ ती. पण दिवा राहील का?"

दिवा राहिला. इलेक्ट्रिशियननीं फ्यूजपेटीवरच्या तिन्हीं जोडण्या सोडवल्या, चिमटे बारीक पॉलिशकागदानें घासून उजळले, आणि कॅसेटयंत्रासाठीं बॅटरीपासूनच एक निराळी तार आणली. बॅटरीजवळच, वीतभर अंतरावर, तिच्यावर तिचा स्वतःचा फ्यूज एका बंद नळींत बसविला, आणि मध्यें एक लहानसा खटका दिला, म्हणजे गाडी उभी असतां बॅटरी उतरावयाची नाहीं. झांकणाचे कान त्यांनीं कढत पाण्यांत धरून हलक्या हातानें सरळ केले, कडेला आंतून फोमची पातळ पट्टी लावली, आणि अंगठ्यानें दाबलें. टक् असा आवाज झाला. तीन महिने झाले, झांकण हललेलें नाहीं. पेटीशेजारीं मीं दोन पांढरे आणि एक तांबडा असे सुटे फ्यूज कापडी पिशवींत ठेवले आहेत, आणि नाडीहि तेथेंच आहे.

काढलेल्या तारांपैकीं 'गाणें' लिहिलेला तुकडा काकूंनीं मागून घेतला. चैत्रांत पुन्हां वाईस जावयाचें आहे. खटका कोणीकडे दाबावयाचा हें त्यांनीं मला आतांच दोनदां विचारून ठेवलें आहे.