क्रियापदाचे लिंग

मराठीच्या अध्यापकाला दुरुस्तीची सवय जडते. संहिता समोर आली की आस्वादाच्या आधी लाल शाई जागी होते. ही सवय किती महाग पडू शकते, हे मला तलासरी तालुक्यातील उधव्याच्या एका विद्यार्थ्यामुळे कळले. तेही फार उशिरा.

२००८च्या सुमाराची गोष्ट. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. प्रथम वर्षाच्या त्या मुलाने भित्तिपत्रिकेसाठी एक कथा आणून दिली. तारप्याच्या नाचात निवेदकाचा हात शेजारच्या व्यक्तीच्या कमरेभोवती पडतो आणि पहाटे फेर मोडतो, कथानक एवढेच. प्रिय व्यक्तीसाठी सर्वनाम 'ती' होते, पण क्रियापद घसरत होते : 'ती आला', 'ती हसला', 'ती माझ्याकडे बघत राहिला'. मुलाची घरची बोली वारली. प्रमाण मराठीची लिंगव्यवस्था त्याच्या अंगवळणी पडलेली नाही, असा निष्कर्ष मी काढला. सगळी क्रियापदे स्त्रीलिंगी केली आणि समासात 'लिंगविचार पाहावा' असा शेरा मारला. त्याने वही मुकाट्याने घेतली. कथा पुन्हा माझ्याकडे आली नाही.

पुढे सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' वाचली. ती २००६ सालीच प्रसिद्ध झाली होती; म्हणजे माझ्या शेऱ्याच्या आधी. घरी राहायला आलेल्या एकाच तरुणावर तनय आणि अनुजा ही भावंडे प्रेम करतात. तनयचे निवेदन त्या निघून गेलेल्या 'तू'ला उद्देशून आहे. इंग्रजीत 'मी' आणि 'तू' यांच्या आड लिंग लपू शकते. मराठीत मात्र 'तू आलास' आणि 'मी थांबलो' ही दोन क्रियापदे शेजारी ठेवताच सारे उघड होते. जेरी पिंटो यांनी या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला (२०१३), त्या भाषेत हा धोका वाक्यावाक्याला पत्करावा लागत नाही. मराठी लेखकाला तो व्याकरणातच पत्करावा लागतो.

हे उमगले तेव्हा ती वही आठवली. तिच्यात आई, बहीण, रात्र यांची क्रियापदे अचूक होती. चूक फक्त एकाच व्यक्तीपाशी होत होती. मुलाला लिंगविचार येत होता. सर्वनामाने त्याने जे झाकले, ते क्रियापदाने सांगून टाकले होते. मी भाषा तपासली, कथा वाचली नाही.

हा दोष केवळ माझ्या शाईचा नाही. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'तील (२००४) नववीतल्या मुकुंदाचे प्रेम आपण आपल्या सर्वांचेच पहिले प्रेम म्हणून वाचले. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' (२००५) किंवा 'कोबाल्ट ब्लू' हाती येताच मात्र आपण 'विषया'ची चर्चा सुरू करतो. मुलाचे मुलावरचे प्रेम 'समलिंगी' आहे, हे आपल्याला दिसते. ते 'पहिले' आहे, हे दिसत नाही. म्हणूनच कुमारांच्या कपाटात अशा पुस्तकांना जागा करून देण्याचे आपल्याला सुचत नाही, आणि ज्याला त्यांची गरज आहे तो सतराव्या वर्षी चुकीच्या सर्वनामाचा आधार घेतो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७च्या कक्षेतून वगळले. त्या निर्णयाने कायदा बदलला. समासातले शेरे बदलणे आपल्याकडेच राहिले आहे.

तो मुलगा दुसऱ्या वर्षाला आला नाही. त्याचे कारण माझ्या शेऱ्यात शोधणे हाही कदाचित अध्यापकी अहंकारच ठरेल. लिंगविचार मी आजही शिकवितो. वही हाती आली, की चूक सगळीकडे होते आहे की एकाच व्यक्तीपाशी, एवढे मात्र आधी पाहतो.