यंत्राचा ताप

घरात कुणी आजारी नसताना जो गृहस्थ घटकाघटकेला ताप पाहत बसतो, त्याला लोक विक्षिप्त म्हणतात. हा विक्षिप्तपणा मी पुष्कळ वर्षे आनंदाने करीत आलो आहे. माझा रोगी म्हणजे टेबलाखाली गुरगुरणारा संगणक. आणि त्याला ताप आणलेला असतो तोही मीच!

या छंदाला ओव्हरक्लॉकिंग असे राकट नाव आहे. कारखान्याने प्रोसेसरला जो वेग नेमून दिला, त्याहून अधिक वेगाने त्याला पळवावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. १९९८ साली इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए निघाला. ३०० मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर पुष्कळ हौशी लोकांनी ४५० वर नेला आणि दीडपट वेग जवळजवळ फुकटात पदरात पाडून घेतला. फुकटाची गोडी तुम्हांआम्हांला निराळी का सांगावयास हवी? परंतु निसर्गाच्या दुकानात उधारी चालत नाही. वेग वाढला की उष्णता वाढते. आणि तो वेग पेलावा म्हणून विजेचा दाब वाढवला, तर ती त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब एकदशांशाने चढवा, तेवढ्यानेच उष्णता एकपंचमांशाने वाढली म्हणून समजा.

म्हणून ताप पाहावयाचा. प्रोसेसरच्या पोटातच तापमापक बसवलेले असतात, आणि त्यांचे आकडे पडद्यावर दाखविणारे छोटे प्रोग्रॅमही मिळतात. नवशिक्याची नजर त्या आकड्यावर खिळते ती एकाच धास्तीने: प्रोसेसर जळेल! ही धास्ती एके काळी खरी होती. २००१ साली टॉम्स हार्डवेअरच्या परीक्षकांनी चालू प्रोसेसरवरचा, उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळाच उचलून घेतला. एएमडीचा ॲथलॉन पाहता पाहता धूर सोडून गतप्राण झाला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र गती उतरवून, रेंगाळत का होईना, काम करीत राहिला.

आजचे प्रोसेसर त्या पेंटियमच्या वळणावर गेले आहेत. मर्यादा आली की ते आपण होऊन मंदावतात. माझ्या मते त्यांचे हे शहाणपणच फसवे आहे. जळणारा प्रोसेसर निदान बोंब तरी मारीत असे. हा मुकाट्याने मागे राहतो, आणि मालक मात्र आपण पुढे गेलो अशा समजुतीत मिशांवर ताव देत बसतो.

गेल्या मे महिन्यात मी नागपुरास गेलो होतो. भाच्याने अभिमानाने आपला संगणक दाखविला. "मामा, पाच गिगाहर्ट्झ!"

"जड काम देऊन अर्धा तास चालव," मी म्हटले, "आणि ताप व वेग शेजारी शेजारी मांड."

थोड्याच वेळात ताप १०० अंशांना टेकला आणि वेग घसरत ४.२ वर आला. कारखान्याने दिलेला वेग होता ४.३! जानेवारीत, खोली २२ अंशांवर असताना, हीच मांडणी ९५ अंशांवर कशीबशी तग धरून होती. आता खोलीच ४१ अंशांवर होती. आणि बाहेरचा पारा जितका चढतो, साधारण तितकाच आतलाही चढतो.

"ताप पाहिलाच नसता तर?" त्याने हिरमुसून विचारले.

"तर तू वर्षभर सुखी राहिला असतास!"

मग आम्ही विजेचा दाब एकदशांशाने उतरविला आणि वेग ४.६ वर ठेवला. ताप ९५ वर थांबला, वेग तसूभरही हलला नाही. पाचाचा आकडा गेल्याचे त्याला दुःख झाले. पण हातात पडले ते आधीपेक्षा जास्त.

अर्थात आकड्याचीही जात पाहून घ्यावी लागते. २०१७ सालचे एएमडीचे रायझेन १७००एक्स व १८००एक्स पंख्याच्या नियमनासाठी खऱ्यापेक्षा २० अंश चढवूनच ताप सांगत. २०२२ सालच्या रायझेन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर तर जड कामात ९५ अंशांपर्यंत जावयाचे अशाच बेताने घडविलेले. एकाचा ज्वर तो दुसऱ्याचा स्वभाव!

मर्यादा ओलांडण्याची हौस मला वाईट वाटत नाही. तिच्यावाचून सेलेरॉन ३०० वरच राहिला असता. मात्र ज्याला धावावयाचे आहे, त्याने आपण किती धावलो हे स्वतःच्या तोंडून ऐकू नये. ते कोपऱ्यातल्या त्या दोन आकड्यांना विचारावे. त्यांना आपली भीड पडत नाही.